वहीपूजनाच्या पाटावरील जुना लॅपटॉप

अहिल्यानगरच्या कापड बाजारातील एका घाऊक पेढीवर २०२५ च्या दिवाळीत नेहमीप्रमाणे वहीपूजन झाले. पाटावर लाल पुठ्ठ्याची नवी वही होती. तिच्या पहिल्या पानावर केशराचा स्वस्तिक, दोन्ही अंगांना 'शुभ' आणि 'लाभ' अशी अक्षरे आणि त्याखाली गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण होते. वहीच्या शेजारी, अलीकडच्या प्रथेप्रमाणे, पेढीचा लॅपटॉप ठेवला होता. वहीत वीर निर्वाण संवत २५५२ ची पहिली ओळ लिहून झाली. लॅपटॉपमध्ये मात्र पहिली नोंद होईना. पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. हिशेबाचा प्रोग्राम उघडेपर्यंत चौदा मिनिटे गेली आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन मंडळी ताटकळत राहिली.

पेढीचे हिशेब धाकटी सून पाहते. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. ती हळूच म्हणाली, "पप्पाजी, याच्यावर आता भरवसा राहिला नाही. अकरा तारखेला जीएसटीचे विवरण भरायचे आहे. त्या दिवशी हा उघडलाच नाही तर काय करायचे?" मुलगा म्हणाला, "उद्याच नवा आणू. बिनव्याजी हप्त्याने मिळतो." सासऱ्यांनी शांतपणे विचारले, "आठ वर्षे चालला, आजही चालतो आहे. चालत्या वस्तूला घराबाहेर काढायचे का?"

ही पेढी प्रातिनिधिक आहे. असा संवाद आज अनेक दुकानांत होतो आणि त्यात तिघांचेही थोडे थोडे बरोबर असते. सुनेची चिंता खरी आहे, कारण विवरणाची तारीख यंत्राच्या सोयीने पुढे सरकत नाही. मुलाचेही खरे आहे, कारण आज ना उद्या नवा लॅपटॉप घ्यावाच लागणार. आणि सासऱ्यांच्या प्रश्नामागे अपरिग्रहाचा संस्कार आहे. मात्र अपरिग्रह म्हणजे जुने तसेच रेटत राहणे नव्हे. साधू-साध्वी अगदी मोजकी उपकरणे बाळगतात आणि त्या मोजक्या वस्तूंचेही रोज पडिलेहण करतात. वस्त्र असो वा पात्र, ते उलगडून, निरखून मगच वापरतात. थोडे बाळगावे आणि जे बाळगले त्याची नीट देखभाल करावी, हे दोन्ही मिळून एकच व्रत होते. पेढीवरच्या लॅपटॉपचे असे पडिलेहण आठ वर्षांत एकदाही झालेले नव्हते.

आधी निदान

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. लॅपटॉपची नाडी पाहण्याची सोय त्यातच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती भार आहे, हे टक्केवारीत दिसते. पेढीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास होता, मेमरी नव्वदीच्या पुढे आणि डिस्क सतत शंभर टक्के. म्हणजे यंत्राची बुद्धी शाबूत होती, पण कोठाराचे दार अरुंद होते.

याचे कारण सोपे आहे. २०१७ च्या सुमारास घेतलेल्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असे आणि रॅम अवघी ४ जीबी. रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि डिस्क म्हणजे गोदाम. टेबल लहान असले की दर वेळी गोदामात धाव घ्यावी लागते, आणि गोदामातला नोकर वृद्ध असला की सारी पेढी खोळंबते. आठ वर्षांत प्रोग्राम व ब्राउझर जड होत गेले, टेबल आणि गोदाम मात्र तेवढेच राहिले.

आधी प्रत, मग दुरुस्ती

निदान झाल्यावर सुनेने कोणत्याही उपायाला हात लावण्यापूर्वी पेढीच्या सर्व हिशेबांची प्रत काढली. हा क्रम कधीही उलटा होऊ नये. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असणे, तिच्यातून टकटक असा आवाज येणे, फाईल उघडताना यंत्र गोठणे ही केवळ मंदपणाची नव्हे, तर डिस्क निकामी होण्याची पूर्वसूचनाही असू शकते.

नियम जुना आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक पेढीच्या बाहेर. एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाह्य डिस्कवर, तिसरी घरच्या कपाटात किंवा ऑनलाइन साठवणीत. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. पूर्वी जुन्या वह्या माळ्यावर बांधून ठेवल्या जात, त्या आगीखेरीज कशाला भीत नसत. आजची वही एका तबकडीवर असते आणि ती तबकडी कोणत्याही सकाळी बंद पडू शकते. बाजारातील उधारीचा आकडाच हरवला, तर वसुलीला कोणत्या तोंडाने जायचे? गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम जमा दिसली नाही, तर नुकसान पैशाइतकेच पेढीच्या नावाचेही होते.

प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे न वटणारा धनादेश.

पैसा न लागणारे उपाय

पहिल्या फेरीत एक रुपयाही खर्च झाला नाही. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप या विभागात, लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. पेढीच्या यंत्रात असे सतरा प्रोग्राम निघाले. त्यांत जुन्या, आता नसलेल्या प्रिंटरचा एक होता, मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतील गाण्यांचा एक होता आणि अँटिव्हायरस तर दोन होते. दोन अँटिव्हायरस म्हणजे एकाच दारावर एकमेकांना अडवणारे दोन पहारेकरी. एक काढून टाकला आणि बाकीचे अनावश्यक प्रोग्राम सुरुवातीलाच उघडणे बंद केले.

त्यानंतर डिस्कवरची अडगळ निघाली. डाउनलोडच्या कप्प्यात एकाच बिलाच्या पाच-पाच प्रती होत्या आणि लग्नसमारंभांची छायाचित्रे सात वर्षांची साठली होती. डिस्क काठोकाठ भरली की यंत्राला तात्पुरत्या कामासाठी जागा उरत नाही. साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. विंडोजमधील स्टोरेज सेन्स ही सोय तात्पुरत्या फाईली स्वतःच काढते. छायाचित्रे बाह्य डिस्कवर गेली, रिसायकल बिन रिकामा झाला.

ब्राउझरच्या पट्ट्यांचाही हिशेब ठेवावा. जीएसटीचे पोर्टल, बँक, भावपत्रक, बातम्या अशा पंधरा पट्ट्या उघड्या असल्या, तर ४ जीबीचे टेबल त्यांनीच भरते. आणखी एक छोटी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विंडोजमध्ये 'शट डाउन' केल्यावर पुढच्या वेळी लवकर उघडता यावे म्हणून यंत्र आपल्या अवस्थेचा काही भाग जपून ठेवते. त्यामुळे साचलेला गोंधळही जपला जातो. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' केल्यास सुरुवात खऱ्या अर्थाने नव्याने होते.

हिशेबाच्या प्रोग्रामलाही हलके करता येते. एकाच कंपनीत आठ वर्षांच्या नोंदी असतील, तर टॅलीसारख्या प्रोग्राममध्ये आर्थिक वर्षानुसार विभागणी करता येते. विभागणीपूर्वी प्रत काढावी आणि नंतर दोन्ही भागांतील अखेरची व सुरुवातीची शिल्लक जुळवून पाहावी. जुनी वही बांधून माळ्यावर ठेवायची आणि नवी गादीवर घ्यायची, तसाच हा प्रकार.

एवढ्याने चौदा मिनिटांची आठ झाली.

गादी, धागे आणि धूळ

कापडाच्या पेढीवर लॅपटॉप मऊ गादीवर ठेवतात. वरकरणी ही मायेची जागा, यंत्राला मात्र ती गुदमरवते. लॅपटॉपच्या तळाशी हवा आत घेणारी छिद्रे असतात. ती गादीत रुतली की आतली उष्णता बाहेर पडत नाही. उष्णता वाढली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. दुपारी यंत्र अधिक मंद होते, अशी तक्रार पुष्कळदा असते, तिचे एक कारण हेच. कापडाच्या दुकानात त्यात सुती धाग्यांच्या तुसाची भर पडते. जाणकार दुरुस्तीवाल्याने तळ उघडला, तेव्हा पंख्याच्या तोंडाशी करड्या तुसाचा जाड थर निघाला. तो साफ झाला, प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप बदलला आणि लॅपटॉपला लाकडी पाट मिळाला.

त्याच वेळी बॅटरी तपासून घेणे हिताचे असते. तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर आलेला वाटला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर तत्काळ थांबवावा. तिला दाबणे वा टोचणे आगीला निमंत्रण ठरते.

दोन भागांवरचा खर्च

आता प्रश्न होता तो गोदामातल्या वृद्ध नोकराचा. तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी माहिती वाचते आणि छोट्या, विखुरलेल्या फाईली वाचताना तर फारच रेंगाळते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. साधी साटा जोडणीची एसएसडीही सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते. जुन्या लॅपटॉपला नवा जोम देणारा सर्वांत परिणामकारक एकच भाग निवडायचा, तर तो हाच. दुसरा भाग रॅम. मोकळा खण असेल, तर ४ चे ८ जीबी करता येतात. मात्र रॅमची पिढी मूळ यंत्राशी जुळली पाहिजे. डीडीआर ३ च्या खणात डीडीआर ४ बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवरच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. भाग विकत घेण्यापूर्वी हे तपासून घ्यावे.

या पेढीवर एसएसडीला २,४०० रुपये, रॅमला २,२०० आणि मजुरी व साफसफाईचे ७०० असे ५,३०० रुपये लागले. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. सासऱ्यांनी घातलेली अट मात्र सर्वांना उपयोगी आहे: जुन्यावरचा खर्च नव्याच्या किमतीच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. डिस्क बदलताना सून तेथे बसून राहिली, कारण त्या डिस्कवर साऱ्या गिऱ्हाइकांची येणी होती. काम झाल्यावर लॅपटॉप मिनिटाच्या आत उघडू लागला. अकरा तारखेचे विवरण नऊ तारखेलाच भरले गेले.

एसएसडीला जुन्या सवयीने डीफ्रॅगमेंट करू नये. तो उपाय तबकडीच्या डिस्कसाठी होता.

फुकटाचा मोह

दुरुस्ती चालू असताना दुरुस्तीवाल्याने सहज सुचवले, "सगळे नवे टाकून देतो, विंडोजपण आणि हिशेबाचा प्रोग्रामपण. परवान्याचे पैसे लागणार नाहीत." सासऱ्यांनी हात जोडून नकार दिला. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान, आणि ती डोळ्यांना न दिसणारी असली तरी चोरीच. व्यवहाराच्या बाजूनेही हा सौदा वाईट आहे. कुलूप तोडून दिलेल्या प्रोग्रामच्या आड दुसऱ्याचा हात असू शकतो. त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्यालाच डिजिटल सहीचा टोकन जोडला जातो. एका क्लिकने वेग वाढवून देऊ म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांबाबतही हाच नियम पाळावा. विंडोजच्या स्वतःच्या सोयी त्या कामाला पुरतात.

जुन्याची मर्यादा, नव्याची तजवीज

वेग आला, तरी वय गेले नाही. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे त्या वहीपूजनाच्या आठवडाभर आधी, थांबल्या. व्यक्तिगत वापराच्या संगणकांसाठी नोंदणी करून ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते. संस्थांसाठी वेगळी सशुल्क योजना आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पेढीच्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीतला आहे. म्हणून दुरुस्तीने विकत मिळाला तो वेळ. तो वेळ नव्याची तजवीज करण्यासाठी आहे, नव्याला विसरण्यासाठी नव्हे. येथे काटकसर आणि कंजुषी यांच्या वाटा वेगळ्या होतात.

नव्या लॅपटॉपचा अंदाज कुटुंबाने असा धरला: मूळ किंमत ५०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००, एकूण ५९,०००. नोव्हेंबरपासून दरमहा ५,७०० रुपयांचे दहा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडले. दहा हप्त्यांचे ५७,००० होतात. साडेसहा टक्के व्याज गृहीत धरले, तर सुमारे १,७०० रुपये त्यात मिळतात. व्याज करपात्र असते, तरीही मुदतीअखेर अपेक्षित रकमेच्या जवळ पोहोचता येते. वेगळे खाते हवेच, कारण उधारीच्या धंद्यात गल्ल्यातली शिल्लक महिनाअखेर दिसत नाही.

मुलाने सुचवलेल्या बिनव्याजी हप्त्यांचाही हिशेब मांडला गेला. अशा योजनेत व्याजाइतकी सूट किमतीत दिलेली दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क पुष्कळदा ग्राहकाकडूनच घेतले जाते. शिवाय एकरकमी खरेदीवर मिळणारी सवलत हातची जाते. लॅपटॉप मरणपंथाला लागला असता, तर हप्ता घेणेही योग्य ठरले असते. येथे तशी निकड उरली नव्हती.

खरेदीची तारीखही ठरली. प्रथेप्रमाणे मुहूर्त दिवाळीचा असता, परंतु सुनेने सप्टेंबरअखेर सुचवली आणि तिची दोन्ही कारणे सर्वांना पटली. पहिले म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यास सुरक्षेची मुदत संपते. दुसरे कारण घसाऱ्याचे. प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळत आला आहे. परंतु मालमत्ता त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापरली, तर तो निम्माच मिळतो. ५०,००० वर पूर्ण घसारा २०,००० होतो आणि निम्मा १०,०००. सप्टेंबरअखेर घेतलेला लॅपटॉप ३१ मार्चपर्यंत १८० दिवस पूर्ण करतो, दिवाळीत घेतलेला करत नाही.

आणखी दोन पथ्ये आहेत. बिल पेढीच्या नावाने आणि पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे, म्हणजे नियमित करदात्या पेढीला ९,००० रुपयांचे इनपुट क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील दुकानाला ते मिळत नाही. आणि ज्या कराचे क्रेडिट घेतले, त्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही. दुसरे पथ्य पैसे देण्याचे. एका विक्रेत्याला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोख दिली, तर ती घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही. पैसे बँकेमार्फतच द्यावेत आणि खरेदीपूर्वी आपल्या सी.ए.शी एकदा बोलून घ्यावे.

जुन्याचा निरोप

नवा आल्यावर जुन्याचे काय, हेही त्याच बैठकीत ठरले. प्रथम हिशेबाच्या प्रोग्रामचा परवाना जुन्या यंत्रावरून रीतसर परत करायचा आणि मग नव्यावर सुरू करायचा. हा क्रम चुकला, तर ऐन विवरणाच्या आठवड्यात परवाना अडकून पडतो. त्यानंतर प्रती तपासून जुन्यातील सर्व माहिती पूर्णपणे पुसायची. नुसते डिलीट केल्याने माहिती जात नाही, ती परत मिळवता येते. त्यावर लिनक्स ही मोफत आणि अधिकृत प्रणाली बसवायची आणि लॅपटॉप समाजाच्या वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याला द्यायचा. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या यंत्रावर त्याचा अभ्यास आणखी काही वर्षे सहज होईल.

निकामी बॅटरी आणि जुनी डिस्क मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाणार नाहीत. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, धातूसाठी पाट्या आम्लात बुडवल्या जातात, आणि तो धूर व ते पाणी कोणत्या जिवांपर्यंत पोहोचते, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जायला हवा. वस्तू घेताना जेवढी जयणा, तेवढीच ती टाकतानाही हवी.

आता त्या पेढीवर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक छोटे काम होते. सून प्रत काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहते, मुलगा डिस्कवरची मोकळी जागा बघतो आणि सासरे मऊ कापडाने लॅपटॉप पुसून परत लाकडी पाटावर ठेवतात. दहा मिनिटे लागतात. नवा लॅपटॉप येईल, तेव्हा पाट तोच राहील आणि पहिल्या तारखेचे हे पडिलेहणही.